मोबाईलच्या पडद्यावरचं दळण

एखादा माणूस तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, की आपण म्हणतो, 'पुरे झालं रे तुझं दळण!' गंमत अशी, की जगभरचे ऑनलाइन खेळ खेळणारे लोकही नेमका हाच शब्द वापरतात. त्यांच्या भाषेत त्याला 'ग्राइंडिंग' म्हणतात. अर्थ तोच, दळण दळणं. खेळातलं एकच काम शेकडो, कधी हजारो वेळा करत राहायचं, का तर आपला आकडा थोडा वर सरकावा म्हणून.

हे दळण ज्या खेळांत जन्माला आलं ते आधी समजून घेऊ. या खेळांत आपण एक पात्र घेतो. कुणी योद्धा होतो, कुणी वैद्य, कुणी लाकूडतोड्या. त्याच जगात एकाच वेळी हजारो माणसं आपापली पात्रं घेऊन वावरत असतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ निघाला. पात्राला 'अनुभवगुण' द्यायचे आणि ठरावीक गुण झाले की त्याची 'लेव्हल' वाढवायची, ही पद्धत त्याने रूढ केली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचं असंच एक जग रचलं. त्यात चित्रं नव्हती, नुसता मजकूर होता. पुढे 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९), 'रूनस्केप' (२००१) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) हे खेळ आले. खेळाडूला सुरुवातीला मिळणारं काम बहुधा असं, 'जंगलात जा आणि दहा रानडुकरं मारून ये.' मारून आलं की काम मिळतं, 'आता त्याहून मोठी वीस मार.'

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा किंवा कारंजा तालुक्यातली मुलं हे खेळ खेळत नाहीत, असं आपल्याला वाटेल. काही अंशी ते बरोबर आहे. त्यांच्या हातातल्या फोनवर प्रामुख्याने बंदुकांच्या लढाईचे खेळ असतात. त्यांतला 'पबजी मोबाईल' भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला आणि त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली. 'फ्री फायर' फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याचंच 'मॅक्स' रूप चालू राहिलं. हे खेळ पात्रांच्या खेळांपैकी नाहीत. तरीही लेव्हल, रोजची कामं, रोज उघडलं की मिळणारं बक्षीस, नशिबाने निघणारा दुर्मीळ पोशाख, ही सगळी अवजारं त्यांनी तिकडूनच उचलली आहेत. 'रँक पुश करतोय सर' असं एखादा नववीतला मुलगा म्हणतो, तेव्हा तो दळणच दळत असतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून फोन घराघरांत मुलांच्या हाती गेला. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र हातातच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये वाशिम जिल्ह्याला लागून असलेल्या पुसद तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदी केली. कारणांमध्ये खेळांचं वेड हे एक मुख्य कारण होतं. गावाला ग्रामसभा घ्यावी लागते, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. म्हणूनच 'मुलं बिघडली' असं म्हणून थांबता येत नाही. हे जातं फिरतं कसं, ते पाहायला हवं. त्यात बरंचसं गणित आहे आणि ते आठवी-नववीच्या वर्गात शिकवण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट : चक्रवाढीचा जिना

'रूनस्केप' या खेळात एकेका कौशल्याच्या मुळात ९९ लेव्हल होत्या. कोणत्या लेव्हलला एकूण किती अनुभवगुण लागतात, त्याचा तक्ता खेळाडूंना तोंडपाठ असतो. त्यातले काही आकडे पाहा :

लेव्हल २ – ८३
लेव्हल १० – १,१५४
लेव्हल ३० – १३,३६३
लेव्हल ५० – १,०१,३३३
लेव्हल ७० – ७,३७,६२७
लेव्हल ९२ – ६५,१७,२५३
लेव्हल ९९ – १,३०,३४,४३१

शेवटच्या दोन ओळी विद्यार्थ्यांना नीट पाहायला सांगा. ९२ आणि ९९ यांच्यात सातच पायऱ्यांचं अंतर आहे. पण ९२ ला पोहोचलेल्या खेळाडूचा प्रवास जेमतेम निम्मा झालेला असतो! पहिल्या ९१ पायऱ्यांना जितके गुण लागले, तितकेच पुढच्या सात पायऱ्यांना लागतात.

असं का होतं? प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी उंच आहे. आपण आठवीत चक्रवाढ व्याज शिकवतो. दरसाल दर शेकडा १० दराने मुद्दल किती वर्षांत दुप्पट होतं? सव्वासात वर्षांच्या आसपास. इथेही तेच घडतं, दर सात लेव्हलना लागणारी मेहनत दुप्पट होते. सावकाराच्या व्याजाचं आणि या जिन्याचं गणित एकच.

आता हे वेळेत मोजू. या खेळात साधं झाड तोडून एक ओंडका मिळाला, की २५ गुण मिळतात. समजा एका ओंडक्याला १५ सेकंद लागतात. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ८३ गुण, म्हणजे चार ओंडके, म्हणजे एक मिनिट. मूल खूश होतं, मिनिटभरात प्रगती! पुढे मोठी झाडं तोडायला मिळतात, त्यांतल्या एका झाडाच्या ओंडक्याला १७५ गुण आहेत. पण ९८ वरून ९९ वर जायला १२,२८,८२५ गुण लागतात. भागाकार करा : ७,०२२ ओंडके. प्रत्येकी १५ सेकंद धरले, तर सव्वाएकोणतीस तास. आणि या सव्वाएकोणतीस तासांत करायचं काय, तर त्याच झाडावर तीच कुऱ्हाड.

या जिन्याची खुबी त्याच्या तळाशी आहे. सुरुवातीच्या पायऱ्या इतक्या बुटक्या, की चढताना कष्ट जाणवतच नाहीत. पायऱ्या उंच होतात तोवर मुलाने शंभरएक तास घातलेले असतात आणि 'एवढं केलं ते वाया कसं घालवू?' हा विचार त्याला पुढे ढकलतो. हा विचार लहान मुलांचाच असतो असं नाही. पहिली, दुसरी बोअर कोरडी गेली, तरी 'आता एवढा पैसा घातलाच आहे' म्हणून तिसरी मारणारा माणूस आपल्या ओळखीत असतोच.

दुसरी गोष्ट : फासा आणि सुटलेली गोळी

नुसत्या जिन्याने माणूस कंटाळतो. म्हणून त्यात नशीब मिसळलेलं असतं. शंभरात एकदा निघणारी तलवार, हजारात एकदा निघणारा घोडा. मुलं म्हणतात, 'शंभरात एक आहे ना, मग शंभर वेळा केलं की मिळणारच.' हे खरं आहे का?

वर्गात करून पाहा. छत्तीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला (किंवा जोड्यांना आळीपाळीने) फासा द्या. फासा नसेल तर चिंचोक्यांची आणि एका खड्याची पिशवी करा : पाच चिंचोके, एक खडा, न बघता काढायचं, परत टाकायचं. सहा पडले की बक्षीस मिळालं असं समजायचं. प्रत्येकाने सहा वेळा फासा टाकायचा. सहात एक शक्यता आणि सहा वेळा टाकणं, म्हणजे सगळ्यांना सहा पडायला हवेत, नाही का?

गणित वेगळं सांगतं. एका वेळी सहा न पडण्याची शक्यता ५/६. सहाही वेळा न पडण्याची शक्यता ५/६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३३. छत्तीसपैकी साधारण बारा मुलं रिकाम्या हाताने राहतात. आणखी सहा वेळा टाकू द्या, चारएक मुलं अजूनही रिकामी. अठरा वेळा टाकूनही एखाददुसरं मूल उरतंच. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तसे ते का होतात, हीदेखील वर्गात बोलण्याजोगी गोष्ट आहे.

शंभरात एक मिळणाऱ्या तलवारीचंही असंच. शंभर वेळा प्रयत्न करूनही शंभरातल्या सुमारे ३७ जणांना ती मिळत नाही, तीनशे वेळा करूनही पाच जणांना मिळत नाही. त्या पाच जणांना वाटतं, आता तर अगदी जवळ आलंय. पण फाशाला स्मरणशक्ती नसते. तीनशे वेळा हरलेल्यालाही पुढची शक्यता शंभरात एकच. काही खेळांत मात्र इतक्या प्रयत्नांनंतर वस्तू हमखास मिळेल असा वेगळा नियम केलेला असतो. तो असेल, तर शेवटपर्यंत जाण्याचा मोह आणखी वाढतो.

अनिश्चित बक्षिसामागे जीव इतका का धावतो? याचा एक धागा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत सापडतो. उंदराने दांडी दाबली की त्याला खाद्याची एक गोळी मिळे. गोळ्या स्किनर स्वतःच तयार करत आणि ते काम वेळखाऊ होतं. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की सोमवारी सकाळी गोळ्या संपणार. मग त्यांनी ठरवलं, दर दाबण्याला गोळी द्यायची नाही, मिनिटाला एकच द्यायची. उंदीर दांडी दाबतच राहिले. ही हकिकत स्किनर यांनी १९५६ मध्ये स्वतः लिहिली आहे. पुढे १९५७ मध्ये चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांनी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कबुतरांवरच्या अनेक प्रयोगांच्या नोंदी आहेत. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळाला, तर कबूतर दाणा खाऊन थोडं थांबतं. दाणा कितव्या टोचेला मिळेल हे ठाऊक नसलं, तर ते जवळपास न थांबता टोचत राहतं. आणि दाणा अजिबात बंद केला, तर ज्याला प्रत्येक वेळी दाणा मिळत होता ते लवकर सोडून देतं. ज्याला कधीमधी मिळत होता, ते खूप वेळ टोचत बसतं.

१९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या काही पेशींच्या विजेच्या ठोक्यांची नोंद घेतली. या पेशी 'डोपामिन' हे रसायन वापरतात. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की त्या जोरात ठोके देत. रस येणार हे आधीच्या खुणेवरून कळू लागल्यावर, त्या खुणेला ठोके देत. रसाला देईनाशा होत. अपेक्षित रस आलाच नाही, तर ठोके नेहमीपेक्षा कमी होत. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. ज्या बक्षिसाचा अंदाजच करता येत नाही, ते प्रत्येक वेळी थोडं 'अचानक'च असतं. दळणात नशीब का मिसळतात, ते आता लक्षात येईल. २००१ मध्येच जॉन हॉप्सन या वर्तनशास्त्र शिकलेल्या लेखकाने खेळ बनवणाऱ्यांसाठी लेख लिहून ही बक्षिसांची वेळापत्रकं समजावून दिली होती. तेव्हा हे सगळं आपोआप घडतं, असं मानायचं कारण नाही.

उंदीर आणि कबुतरं म्हणजे आपली मुलं नव्हेत, हेही सांगायला हवं. मुलं विचार करतात, कंटाळतात, खेळ सोडूनही देतात. असंख्य मुलं रोज थोडा वेळ खेळतात आणि त्यांचं काहीही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट : उद्या परत ये

२००९ साली निघालेल्या 'फार्मव्हिल' या खेळात लोक पडद्यावर शेती करत. स्ट्रॉबेरी पेरली की चार तासांत तयार. वेळेवर येऊन काढली नाही तर वाळून जाई. म्हणजे पीक किती तासांचं घ्यायचं हे ठरवताना खेळाडू आपण परत कधी यायचं, हेच ठरवत असे. वाशिममधल्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला शंभरएक दिवस लागतात. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, सोंगणी हे सगळं त्यात येतं, आणि शेवटी भाव काय मिळेल त्याचा भरवसा नाही. पडद्यावरच्या शेतात पाऊस दगा देत नाही, म्हणून ते गोड वाटलं तर नवल नाही.

'रोज उघडा, सातव्या दिवशी मोठं बक्षीस' हा त्याचाच पुढचा अवतार. एक दिवस चुकला की साखळी तुटते. त्यात मित्रांची भर पडते. चौघांच्या टोळीने खेळायच्या खेळात एकाने मध्येच फोन ठेवला, तर उरलेले तिघे अडचणीत येतात. आई हाक मारते आणि मुलगा 'पाचच मिनिटं' म्हणतो, तेव्हा तो केवळ हट्टी नसतो. तो मित्रांना दिलेला शब्द पाळत असतो. हे लक्षात घेऊन बोललं तर संवाद होतो. 'ही फेरी संपली की ठेव' हे वाक्य 'आत्ताच्या आत्ता ठेव' यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मांडणीने किती फरक पडतो याचं एक उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधलं आहे. लोकांनी फार वेळ सलग खेळू नये म्हणून त्यांनी चाचणीच्या काळात असा नियम केला, की बराच वेळ खेळल्यावर गुण निम्मेच मिळतील. खेळाडू चिडले. मग आकडे तेच ठेवून नावं बदलली : विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण, नंतर नेहमीचे गुण. तक्रार थांबली. गणित तेच, भाषा वेगळी. मुलांशी बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पीठ कुणाच्या डब्यात?

जात्यावर दळलं की पीठ होतं आणि त्याच्या भाकरी होतात. पडद्यावरच्या दळणाचं पीठ कुठे जातं?

फुकटच्या खेळात बऱ्याचदा दळण मुद्दाम लांब आणि कंटाळवाणं ठेवलेलं असतं, आणि शेजारीच एक बटण असतं. पैसे द्या, दळण टाळा. 'डायमंड' विकत घ्या, 'पास' घ्या. थोडेच खेळाडू पैसे देतात, पण तेवढ्यावर खेळ चालतो. उरलेले पैसे देत नाहीत, आपला वेळ देतात. त्यांची गर्दी नसेल, तर पैसे देणाऱ्याला आपला दुर्मीळ पोशाख मिरवायला माणसंच उरणार नाहीत.

काही ठिकाणी हे दळण खरोखरच मजुरी बनलं. २००० च्या दशकात चीनमध्ये पाळ्या लावून खेळ खेळणारे तरुण होते. खेळातलं सोनं गोळा करायचं आणि ते अमेरिका-युरोपातल्या खेळाडूंना खऱ्या पैशांत विकायचं, हा त्यांचा धंदा. व्हेनेझुएलात चलन कोसळलं, तेव्हा 'रूनस्केप'मध्ये तासन्‌तास तेच राक्षस मारून काहींनी घर चालवलं. २०२१ मध्ये फिलिपीन्समध्ये 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' या खेळातून अनेकांना उत्पन्न मिळू लागलं. पुढच्याच वर्षी त्यातल्या नाण्यांचा भाव कोसळलेला होता. 'खेळून पैसे मिळवता येतात' असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ही उदाहरणं जरूर सांगावीत. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. पण लेव्हल चढवण्याचे साधे खेळ त्या प्रकारचे नाहीत. तिथे आपली समज हाच आधार.

सराव आणि दळण

इथे कुणी विचारेल, 'पाढे पाठ करणं, एकच राग रोज घोटणं, खो-खोत रोज खांब मारणं हेही दळणच की!' प्रश्न रास्त आहे. पुनरावृत्ती वाईट नसते. १९८० च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. रोज पहाटेच्या त्या दळणात बायकांनी आपली सुखदुःखं गुंफली. कंटाळवाणं काम सोबतीने आणि गाण्याने सुसह्य होतं, हे आपल्या घरांतलं जुनं ज्ञान आहे. खेळणारी मुलंही दळताना गप्पा मारत असतात आणि त्यांना त्यात खरा विसावा मिळतो, हे मान्य करायला हवं.

मग फरक ओळखायचा कसा? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. हजार वेळा केल्यावर ते साधन काढून घ्या आणि काय उरलं ते पाहा. पाढे पाठ असलेल्याकडून वही काढून घेतली, तरी पाढे उरतात. मृदंग शिकणाऱ्याची बोटं बदललेली असतात. सात हजार ओंडके तोडणाऱ्याचा फोन काढून घेतला तर? आकडा फोनमध्ये राहतो. हातात, डोळ्यांत, डोक्यात भर पडत नाही. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवलं, की प्रगती होते ती हेतुपूर्वक केलेल्या सरावाने. जे जमत नाही तेच निवडायचं, चूक कुठे झाली ते पाहायचं, पुन्हा करायचं. सरावात करणारा बदलतो. दळणात फक्त आकडा बदलतो.

ही कसोटी खेळांनाही लावावी. काही खेळांत नेम, नकाशा वाचणं, आपसांत कामं वाटून घेणं या गोष्टी मुलं खरोखर शिकतात. तेवढा भाग दळण नव्हे.

आणि हीच कसोटी आपण आपल्या शाळेला लावली तर? 'हा धडा तीन वेळा लिहून आण' हे सराव आहे की दळण? शुद्धलेखनाच्या दहा ओळींत पहिल्या ओळीतली चूक दहाव्या ओळीपर्यंत तशीच उतरत गेली, तर त्या मुलाने काय केलं? बरं, खेळ निदान तत्काळ सांगतो की चुकलं. वही तपासून परत मिळेपर्यंत मूल तो प्रश्न विसरलेलं असतं. खेळात हरलं तर लगेच दुसरी संधी मिळते आणि कुणी हसत नाही. वर्गात एकदा चुकलेलं उत्तर वर्षभर चिडवायला पुरतं. मूल फोनकडे का ओढलं जातं, याचं थोडं उत्तर इथेही आहे.

तर मग वर्गातही गुण, तारे, लेव्हल आणावेत का? इथे सावध राहायला हवं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीच्या कामाला बक्षीस चिकटवलं, की आवड ओसरू शकते. खेळाकडून घ्यायच्याच तर दोन गोष्टी घ्याव्यात : झेपेल एवढी पुढची पायरी, आणि चुकल्याचं लगेच पण न लाजवता कळणं.

वर्गात काय करता येईल?

बान्सीने बंदीचा मार्ग धरला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये दुसरा धरला : रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. त्यात मोठ्यांचेही फोन बंद होतात, ही त्यातली महत्त्वाची बाब. आपल्या शाळेपुरता एक तिसरा मार्ग आम्ही सुचवतो : मुलांनाच हे जातं उघडून दाखवायला सांगणं.

एक, 'दळणवही'. सात दिवस मुलांनी चार रकाने भरायचे : मी कोणतं काम पुन्हा पुन्हा केलं, किती वेळा, काय मिळालं, काय शिकलो. यात मोबाईलच्या खेळाबरोबर गृहपाठ, शेतातलं काम, पाणी भरणं, क्रिकेट, सगळं यायला हवं. शिक्षकांनीही भरावी. नावं न घेता आठवड्याने चर्चा करावी.

दोन, ज्या मुलाला खेळातलं सगळं कळतं त्याला तज्ज्ञ म्हणून फळ्यापाशी बोलवावं. त्याच्या खेळातल्या लेव्हलचा तक्ता त्याने लिहावा, वर्गाने आलेख काढावा. पायऱ्या समान आहेत की चक्रवाढीने वाढतात? शेवटची पायरी चढायला किती तास? एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी गणित शिकवतो.

तीन, उलटं काम : 'लोकांनी सोडूच नये' असा खेळ कागदावर बनवा. मुलं भराभर युक्त्या सुचवतात. त्याच युक्त्या आपल्या फोनमध्ये शोधायला सांगा. जी युक्ती आपण स्वतः रचून पाहिली, ती आपल्यावर चालताना ओळखू येते.

चार, काही मुलांसाठी एवढं पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (जानेवारी २०२२ पासून लागू) खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढत जाणं, आणि हे साधारण वर्षभर टिकून घर, शाळा यांत मोठा अडथळा होणं, ही त्याची लक्षणं. सुट्टीत चार दिवस तासन्‌तास खेळणाऱ्या मुलाला हे नाव चिकटवू नये. पण मूल झोपेनासं, जेवेनासं, बोलेनासं झालं, तर रागावण्याऐवजी मदत शोधावी. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

फाशाचा प्रयोग आपल्या वर्गात केलात, तर पहिल्या सहा फेऱ्यांत किती मुलं रिकाम्या हाताने राहिली ते आम्हाला कळवा. दळणवहीच्या चौथ्या रकान्यात, म्हणजे 'काय शिकलो' याखाली, मुलांनी काय लिहिलं, तेही जरूर लिहा. तो रकाना सगळ्यात जास्त कुठे कोरा राहिला, खेळापुढे की गृहपाठापुढे, हे वाचायची आम्हाला उत्सुकता आहे.